नववा मुद्दा

लोमविक, ४ डिसेंबर

प्रिय एव्हर्ट,

आधी मुख्य बातमी, नाहीतर तू नेहमीसारखा पत्र शेवटापासून वाचायला लागशील. खाडी गोठली. आपली खाडी!

खोटं नाही सांगत. रात्री वारा पडला होता आणि सकाळी पडदा सारला तर धक्क्यापासून पार ग्रोशेरच्या भिंतीपर्यंत पाणी करडं आणि गप्प. मी आर्विदला हाक मारली. तो आतल्या कपड्यांतच खिडकीशी येऊन उभा राहिला. ग्रोशेरचं अणुकेंद्र सुरू झालं तेव्हापासून त्याचं गरम पाणी इथे पडत राहिलं. सगळा किनारा गोठला तरी आपली खाडी आपली वाफाळतेय. हंसांची चंगळ होती, आपली नाही. आता अणुभट्टी बंद आहे, इंधनही नेलं, आणि केंद्र मोडून काढायचं काम चाललंय. पाणी थंड झालं. आर्विदने माळ्यावरून बर्फाला भोक पाडायचं गिरमिट काढलंय आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर त्याला तेल देत बसलाय. सत्तरीचा माणूस, पण सुट्टी लागलेल्या पोरासारखं तोंड झालंय.

तुला फोनच केला असता, पण तुझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी ऐकण्यापेक्षा पत्र बरं.

आता माझ्या मंडळाचं. केस कापणाऱ्या बाईला अणुकेंद्रातलं काय कळतं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. काही नाही. म्हणूनच तर नेमलंय. नगरपालिकेने नेमलेली आम्ही गावातलीच साधी माणसं. केंद्रावाल्यांनी काय पाडायचं, कुठे न्यायचं, समुद्रात काय सोडायचं, ते आधी आमच्यापुढे ठेवायचं. आम्ही प्रश्न विचारायचे आणि आमचं मत नोंदवायचं. दुकानात लोक म्हणतात, ‘गुन्वोर तिथे आहे ना, मग काळजी नाही.’ ऐकून बरं वाटतं.

काल बैठक होती. केंद्रातल्या टाक्यांत साठलेलं पाणी शुद्ध करून खाडीत सोडायचं आहे. ते पातळ व्हावं म्हणून समुद्राचंच पुष्कळ पाणी मोठ्या पंपांनी खेचायचं आणि त्याच्याबरोबर बाहेर फेकायचं, हिवाळाभर, अधूनमधून. सगळ्यांचा जीव अर्थातच त्या पाण्यात काय असेल यात अडकलेला. किरणोत्साराचे बेकरेल किती, माशांत किती उतरेल, पोरांनी उन्हाळ्यात पोहायचं की नाही. हा आठवा मुद्दा. आम्ही त्यांना चांगला घाम फोडला. त्यांच्या तज्ज्ञ बाईला मी म्हटलं, ‘अहो, आकडा नको, त्या पाण्यात तुमचं नातवंड सोडाल का ते सांगा.’ ती म्हणाली, सोडेन. मला ती खरी वाटली.

मग नववा मुद्दा आला. पंप कधी चालवले ते आम्हाला आधी नाही, तिमाही संपल्यावर कळवणार, कारण कामाची वेळ ऐनवेळी ठरते. तोवर शेजारच्या खोलीत कॉफी आली होती, दालचिनीच्या बनांचा वास सुटला होता. आमचा अध्यक्ष फोल्के, शाळेत सुतारकाम शिकवायचा तोच, त्याने विचारलं, ‘मंडळाला मान्य?’ कोणी बोललं नाही, म्हणजे मंजूर. हातोडी पडली. माझ्या मनात आलं होतं, की आधी कळवायला काय होतं? पण लोकांनी खुर्च्या मागे सारल्या होत्या. एवढ्याशासाठी सगळ्यांना अडकवून ठेवणं बरं दिसलं नसतं. आणि आपल्याकडे खरं बोलणं कॉफीवरच होतं, हे तुला मी काय सांगायचं. केंद्राने गावाशी बोलायला माल्टे नावाचा एक माणूस ठेवलाय, त्याला मी कॉफीवर गाठलं. म्हटलं, ‘पंप लावण्याआधी धक्क्यावर एक पाटी तरी लावत जा.’ तो म्हणाला, ‘चांगलं सुचवलंस, गुन्वोर. बघतो मी.’ झालं काम.

शेवटचं. आर्विद स्वतः कधी विचारणार नाही, म्हणून मी विचारते. बाबांच्या मासेमारीच्या जागेच्या खुणा त्याला सांगशील? तो ग्रोशेरमध्ये रंगारी म्हणून लागला तेव्हापासून तू त्याच्याशी खाडीचं नाव काढलं नाहीस. तो निवृत्त झाला, केंद्रही निवृत्त झालं. आता तूही हो ना.

तुझी,
गुन्वोर


पिटेओ, १९ डिसेंबर

प्रिय गुन्वोर,

या वेळी पहिल्यापासून वाचलं. खाडी गोठली हे वाचून मी उठून पायात बूट घातले. इथून नऊशे किलोमीटरवर मी बूट घालून कुठे निघालो होतो, देव जाणे.

तुझ्या मंडळाबद्दल एकच सांगतो. कॉफीवर दिलेला शब्द कॉफीबरोबरच पोटात जातो. बोलायचं ते हातोडी पडायच्या आधी. पण तू लहानपणापासून तशीच. आई वाढताना बटाटे तुझ्यापर्यंत यायच्या आत संपले तरी तू मूग गिळून बसायचीस आणि मग रात्री माझ्याजवळ येऊन भूक लागली म्हणून रडायचीस. त्या माल्टेला काय माहीत तू रडतेस ते?

असो. आर्विदचं. तू म्हणतेस तसं नाही, मी त्याच्यावर राग धरला नव्हता. धरला होता, पण त्याच्यावर नाही. पाणी तापलं, मासे दुसरीकडे गेले, बाबांनी जाळी विकली आणि मी इथे येऊन आयुष्यभर गिरणीत लाकडं कापली. आणि माझी बहीण ज्याच्याशी लग्न करते तो त्याच भिंती रंगवतो! तरुणपणी माणसाला एवढं पुरतं. मग सवय लागते. सवय मोडायला निमित्त लागतं, ते तू दिलंस.

तर आर्विदला हे वाचून दाखव. धक्क्यावरून सरळ बर्फावर चालत जा. चर्चचं शिखर पांढऱ्या खडकाच्या बरोबर मधोमध येईपर्यंत. मग तीच रेष धरून पुढे जा, उजवीकडच्या बेटाचं टोक धक्क्यावरची लाल छपरी झाकेल तिथे थांब. ग्रोशेरचं गरम पाणी जिथून पडायचं त्या तोंडाच्या समोरच ही जागा येते. म्हणून तर ती आमच्या हातून गेली. खाली दगडी उंचवटा आहे, थंडीत पर्च मासे तिथे दाटीवाटीने बसतात. बाबांनी ही जागा मला सांगितली तेव्हा मी शपथ घेतली होती की घराबाहेर सांगणार नाही. आर्विद घरातलाच आहे. हे मी आता लिहितोय, उशीर झाला, पण लिहितोय.

पहिल्या वर्षाचा बर्फ आहे. त्याला म्हणावं, दर दोन पावलांवर लोखंडी काठी ठोकून बघ, आणि बर्फ फुटला तर रुतवून वर यायला हातात धरायचे खिळे गळ्यात अडकवल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. पहिल्या माशाचा फोटो पाठवा.

एव्हर्ट


लोमविक, १२ फेब्रुवारी

एव्हर्ट,

आर्विद गेला. तार यावी तसं लिहितेय, माफ कर. आमच्या मुलीने तुला फोन केला होता, पण तुला नीट ऐकू आलं का हे तिला कळलं नाही.

तू सांगितलंस तसंच त्याने सगळं केलं होतं. महिनाभर तो रोज काठाकाठाने जायचा, बर्फ मोजायचा, यायचा. मंगळवारी म्हणाला, उद्या एव्हर्टच्या जागेवर जातो. बुधवारी सकाळी बर्फ चार बोटं जाड होता, काळा आणि पक्का. त्याच्या काठीच्या खुणा वाटेवर अजून दिसतात, दर दोन पावलांवर एक. समोरच्या घरातली डॅग्नी खिडकीतून पाहत होती. तो बसला, भोक पाडलं, हात हलवून तिला दाखवलं.

मग केंद्रात पंप सुरू झाले. वरून काहीच दिसत नाही. पाणी खालून बर्फ खात राहतं आणि वर सगळं होतं तसंच. परत येताना तो आपल्याच पावलांवरून आला. जी वाट सकाळी नीट ठोकून पाहिली तिच्यावर पुन्हा काठी कशाला ठोकायची? कोणीही ठोकली नसती.

खिळे त्याच्या हातात होते. बर्फाच्या काठावर ओरखडे आहेत, एकाच्या पुढे एक. काठ तुटत गेला तसतसा तो स्वतःला पुढे पुढे ओढत राहिला. डॅग्नी दोर घेऊन धावली, तिचं वय तुला माहीत आहे. ती धक्क्यावरून उतरेपर्यंत हालचाल थांबली होती. मी तेव्हा वाटाणे भिजत घालत होते. गुरुवारच्या सूपासाठी.

धक्क्यावर पाटी नव्हती.

अंत्यविधी पुढच्या शुक्रवारी. तुझी खोली तयार ठेवते.

गुन्वोर


लोमविक, ६ एप्रिल

एव्हर्ट,

तू आला नाहीस. फुलं आली, आणि तुझ्या कमरेचं कारण आलं. नंतर एक ओळ नाही. आज मला राग आलाय आणि मी तो लपवणार नाही.

तू माझ्यावर ठपका ठेवतोयस. हातोडीच्या आधी बोलायचं असतं, असं तू लिहिलं होतंस, ते मला पाठ झालंय. रोज उठल्यावर मी ते स्वतःला म्हणते. तुझ्या गप्प बसण्याने त्यात आणखी भर घालायची गरज नव्हती.

इथलं ऐक. माल्टे ट्यूलिपची फुलं घेऊन आला. ‘मी बघणार होतो, गुन्वोर,’ म्हणाला आणि माझ्या स्वयंपाकघरात रडायला लागला. रुमाल मलाच द्यावा लागला. धक्क्यावर आता पिवळ्या पाट्या लागल्यात, चार भाषांत, रात्री चमकणाऱ्या. बैल गेला अन् झोपा केला. बर्फ वितळून पंधरा दिवस झाले.

दुसरं मंगळवारी कळलं. सरकारी वकिलाने तपास बंद केला. कोणावर खटला नाही. निर्णय मुलीने मला दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यात म्हटलंय की पाणी सोडण्याची पद्धत आणि ती कळवण्याची पद्धत आधीच लोकप्रतिनिधींच्या मंडळापुढे ठेवली होती, आणि मंडळाने कोणतीही हरकत घेतली नव्हती. मंडळ म्हणजे मी. केंद्रावाल्यांचा बचाव मी आहे, एव्हर्ट. माझ्या नवऱ्याला कोणी मारलं नाही, कारण मी तिथे बसले होते आणि कॉफीचा वास सुटला होता.

दोन तास आम्ही त्या पाण्यात काय आहे ते विचारलं. पाणी बर्फाखाली गेल्यावर काय करतं, ते खाडीवर जन्मलेल्या एकाही माणसाने विचारलं नाही. चाळीस वर्षं बर्फच पाहिला नव्हता ना. विसरलो आम्ही.

मुलगी म्हणते, राजीनामा दे. गावात लोक मला पाहून रस्ता बदलत नाहीत, पण बोलणं हवामानापलीकडे जात नाही. तूही तेच करणार असशील तर तसं लिही, म्हणजे मी वाट पाहायची थांबेन.

गुन्वोर


पिटेओ, १५ एप्रिल

गुन्वोर,

माझी कमर ठणठणीत आहे. मी खोटं बोललो.

मी गाडीत बसलो होतो. वाटेतल्या उमेओपर्यंत आलो, स्टेशनवर उतरलो आणि परतीच्या गाडीत बसलो. तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही. तुझ्यावर ठपका? अगं बाई, ती जागा मी सांगितली. मी! पंपांचं तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, त्यावरून तुला टोमणेही मारले, आणि त्याच कागदावर चार ओळी खाली त्याला त्या तोंडासमोर नेऊन बसवलं. दोन्ही गोष्टी माझ्याच हाताने लिहिल्या आणि एकमेकींशी जोडल्या नाहीत. बर्फाची अक्कल मला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त, असा माझा आयुष्यभराचा तोरा.

चाळीस वर्षं मी त्याला ती जागा सांगितली नाही. तेवढी चाळीस वर्षं तो जिवंत होता. यातून मला बाहेर पडता येत नाही.

तू पत्र लिहू नकोस म्हणालीस तरी मी समजू शकेन.

एव्हर्ट


लोमविक, ३ मे

एव्हर्ट,

मूर्ख आहेस. मीही आहे. दोन महिने आपण दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना डोकं टेकून बसलो होतो.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, कारण मला सांगवत नव्हती. भोकाजवळ त्याची बादली तशीच उभी होती. पाणी दगडी उंचवट्याला वळसा घालून गेलं असणार, म्हणून तिथला बर्फ टिकला होता. बादली पर्चने भरलेली होती, इतके मोठे की डॅग्नी म्हणाली, लहानपणानंतर तिने असे पाहिले नाहीत. जागा बरोबर होती. बाबांची जागा तिथेच आहे, मासे परत आलेत. तो तिथून भरल्या बादलीने निघाला नाही, ती मागे ठेवून निघाला. म्हणजे तो आधी मला बोलवायला येत होता. मला तो ओळखता येतो. एकट्याने आनंद करणं त्याला जमायचं नाही.

तुझी जागा चुकली नाही. बर्फ चुकला नाही. पंप चालवले आणि सांगितलं नाही, एवढंच झालं. हे मी तुला समजवायला लिहितेय आणि लिहिता लिहिता मलाही थोडं पटतंय, सगळं नाही.

राजीनामा देत नाही. ऑक्टोबरात पुढच्या हिवाळ्याचा आराखडा मंडळापुढे येणार आहे. अजून दोन हिवाळे पंप चालणार आहेत. खाडी पुन्हा गोठेल, आणि यंदा त्या बादलीची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. माणसं जाणारच. मी गेले तर माझ्या जागी दुसरं कोणी मुकाट्याने बसेल.

ये म्हणत नाही. पण उमेओच्या पुढेही गाडी येते.

गुन्वोर


लोमविक, २२ ऑक्टोबर

प्रिय एव्हर्ट,

बोलले मी. हातोडीच्या आधी.

आराखडा आला तो असा: पंप लावण्याच्या आदल्या दिवशी फोनवर निरोप, ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना. शिवाय पाट्या. मी म्हटलं, ‘नको. खाडीवर बर्फ आहे तोवर पंपच नकोत. मार्चनंतर सोडा काय सोडायचं ते.’ माल्टे म्हणाला, त्याने पाडायचं सगळं काम महिनोन् महिने मागे पडेल. मग एकेकाने तोंड उघडलं. जमीन मोकळी व्हायला हवी, तिथे नवे कारखाने येणार आहेत, पोरांना कामं मिळणार आहेत. कोणी वाईट बोललं नाही. सगळे माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलत होते की मला ओरडावंसं वाटलं.

फोल्केने हातोडी उचलली तेव्हा मी म्हटलं, ‘मतदान हवं. हात वर करून.’ सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी टेबलावर थुंकले. आमच्या मंडळात कधी कोणी मतदान मागितलं नव्हतं. फोल्के कानापर्यंत लाल झाला. त्याला मतदान कसं घ्यायचं ते चिटणिसाला विचारावं लागलं. माझ्या बाजूने माझा हात, आणि शाळेतल्या गणिताच्या मास्तरणीचा. ती तर गावात नवीन आहे. विरोधात बाकी सगळे, ज्यांच्या डोक्यावरून मी तीस वर्षं कात्री फिरवली ते.

आणि खरी गंमत पुढे. मी विचारलं, ‘समजा आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं असतं तर?’ फोल्के कागद चाळत राहिला. माल्टेच बोलला, आणि मला वाटतं त्याला वाईट वाटत होतं: ‘मंडळाचं मत आम्ही आदराने ऐकतो. पण परवानगी सरकारने दिलेली आहे. मंडळाला पाहायचा आणि विचारायचा अधिकार आहे, थांबवायचा नाही.’ ‘मग मागच्या वेळचं आमचं गप्प बसणं सरकारी वकिलाला कसं पुरलं?’ मी म्हटलं. त्यावर फोल्केने पुन्हा हातोडी उचलली. हातोडी पडली. कॉफीला मी थांबले नाही. मास्तरणी मला घरापर्यंत सोडायला आली आणि वाटेत म्हणाली, ‘मी तुमच्याइतकी चिडलेली नाही, पण हिशोब तुमचा बरोबर आहे.’ एवढ्यावर मला रडू आलं.

आता काय करायचं ते कळत नाही. फोनवरच्या निरोपावर माझा विश्वास नाही. काम ऐनवेळी ठरतं, हे त्यांनीच सांगितलंय.

तुझी,
गुन्वोर


पिटेओ, २९ ऑक्टोबर

प्रिय गुन्वोर,

शाबास. बटाटे मिळाले नाहीत तरी ताट पुढे केलंस.

काय करायचं ते मी सांगतो. बर्फावरची वाट दाखवायला आजोबांच्या वेळी स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या बर्फात रोवायचे. जिथे कोणी बर्फ कापला असेल, जिथे प्रवाह असेल, तिथेही फांद्यांची रांग लावायचे, आणि तिच्या पलीकडे कुत्रंही जायचं नाही. त्याला परवानगी लागत नसे. ज्याला ठाऊक असेल त्याने लावायच्या, एवढाच नियम.

पंपांचं तोंड कुठे आहे ते मला ठाऊक आहे. प्रवाह कसा वळत असेल तेही ठाऊक आहे, मी त्या पाण्यावर वाढलो. बर्फ धरला की कळव. मी येतो. या वेळी उमेओला उतरणार नाही. तुझ्याकडे लांब दोर आहे का ते बघून ठेव, एक टोक तू धरायचं.

एव्हर्ट


लोमविक, ३० जानेवारी

प्रिय एव्हर्ट,

तू पिटेओला परत गेलास त्याला तीन आठवडे झाले आणि तुझ्या घोरण्याशिवाय घर ओकंबोकं वाटतं, हे मी कबूल करते. दोराने माझ्या तळव्याला आलेले फोड बरे झाले. तुझ्या फांद्या खाडीभर उभ्या होत्या, वाकडी अर्धगोल रांग, चर्चच्या बाजूने पार बेटापर्यंत. गावातले लोक धक्क्यावर येऊन बघून जायचे. एक दिवस पाहिलं तर फोल्के बेटाकडच्या टोकाला एकटाच आणखी फांद्या रोवत होता. माझ्याकडे न बघता गेला.

माल्टेचा फोन आला होता. फांद्यांमुळे तिथे धोका आहे असं लोकांना वाटतं, म्हणाला. मी म्हटलं, वाटू दे. मग विचारतो, मंडळाला कळवलं होतं का? मी सांगितलं, ‘कळवू की, तिमाही संपली की.’ त्याने फोन ठेवला.

आता कालचं. दुपारी डॅग्नीने खिडकीतून हात केला, लवकर बघ म्हणून. बर्फावर दोन माणसं होती, लांब पात्यांचे स्केट घातलेली, पाठीवर पिशव्या. नवराबायको, बाहेरगावची. जोरात येत होती, वारा पाठीला होता. फांद्यांपाशी येऊन थांबली. तो पुढे जाऊ म्हणत असावा, हात करून समोरचा स्वच्छ बर्फ दाखवत होता. ती नाही म्हणत होती. मी दार उघडून ओरडले, पण वारा उलटा. ती दोघं तिथेच उभी राहून भांडत होती, आणि त्यांच्या पुढ्यातली एक फांदी वाकली. मग बाजूची. मग मधली सगळी रांग एकामागून एक खाली गेली. काही आवाज झाला नाही. त्या बाईने नवऱ्याच्या पिशवीचा पट्टा पकडला आणि दोघं मागे पळत सुटली, स्केटवर पळतात तशी, पडत, उठत.

फोनवर निरोप नव्हता. तो संध्याकाळी आला, ‘आज पंप चालू राहतील’ म्हणून.

मी त्यांना घरात घेतलं. तिला कॉफी पाजताना कप मलाच धरावा लागला. ती विचारत राहिली, फांद्या कोणी लावल्या? मी म्हटलं, माझ्या भावाने. ‘तो केंद्रात असतो का?’ मी म्हटलं, नाही, तो पिटेओला असतो. तिला काही कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही.

तुला आनंद होईल म्हणून हे लिहितेय. मला झाला नाही, खोटं का बोलू. नवरा आर्विदच्या खुर्चीवर बसला होता. धट्टाकट्टा, गाल लाल झालेले, एका बनावर थांबला नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात एकच होतं, हा का? ह्याला फांद्या मिळाल्या आणि त्याला का नाही मिळाल्या? एव्हर्ट, मला त्या माणसाचा क्षणभर राग आला, जिवंत असल्याचा. मग तो उठला आणि जाताना त्याने आपला कप स्वतः विसळून उपडा ठेवला, आणि मला तोंड वळवून उभं राहावं लागलं.

ती दोघं गाडीने गेली. अंधार पडायला तासभर होता, म्हणून डॅग्नी आणि मी कुऱ्हाड घेऊन नव्या फांद्या तोडायला गेलो.

तुझी,
गुन्वोर